रंगीत पानांचा रोकडा हिशेब

मुलांनी पहिलीपासून कोणती भाषा शिकावी, यावरून २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. १७ जून रोजी निघालेला शासननिर्णय २९ जून रोजी, त्याआधीच्या एप्रिलमधील निर्णयासह, मागे घेण्यात आला आणि वादळ शमले. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. ज्या मराठीसाठी एवढी झुंज झाली, त्या मराठीत सहा-सात वर्षांच्या मुलाने शाळेबाहेर वाचावे तरी काय?

हा प्रश्न भावनेचा नाही. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी अवघ्या २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. परंतु चारपैकी तीन मुले अजून मागेच आहेत. वाचन सरावाने येते आणि सरावासाठी मुलाला हवेसे वाटणारे, चित्रांचे, मोठ्या अक्षरांचे पुस्तक लागते. पाठ्यपुस्तक ते काम एकट्याने करू शकत नाही.

नेमक्या याच पोकळीत गेल्या काही वर्षांत एक नवा वर्ग उतरू लागला आहे. शिक्षिका, बालवाडीच्या ताई, निवृत्त आजी-आजोबा, नातवंडांना व्हॉट्सअॅपवरून गोष्टी सांगणारे परदेशस्थ मराठी कुटुंबीय, कला महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण चित्रकार असे अनेक जण स्वतःच्या खिशातून चित्रमय बालकथा छापण्याच्या खटपटीत दिसतात. उत्साह मोठा आणि भांडवल पन्नास हजारांपासून लाखभरापर्यंतचे. या उत्साहाचे काय होते, पैसा नेमका कोठे जिरतो आणि त्यातून मुलांच्या हाती खरोखर काही पडते का, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

परंपरा जुनीच

स्वतःच्या जबाबदारीवर मुलांसाठी छापणे ही मराठीत नवी गोष्ट नव्हे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केले. वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ मध्ये निघाले. 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत यांनी 'बालमित्र' मासिक चालविले. मराठी बालसाहित्याचा पाया अशा व्यक्तींनी घातला, ज्यांच्यामागे भांडवलदार नव्हता. पुढे 'चांदोबा'सारखी मासिके आणि 'बालभारती'चे १९७१ पासूनचे 'किशोर' यांनी लेखकांबरोबरच चित्रकारांनाही नियमित काम दिले. 'चांदोबा' २०१३ मध्ये थांबला. अशी मासिके कमी होत गेली, तसा चित्रकारांचा महिन्याकाठी मिळणारा आधारही आटत गेला. 'किशोर' आजही निघतो, पण एका मासिकाने किती जणांना पुरावे?

चित्रमय पुस्तके निष्ठेने काढणारे प्रकाशक मराठीत आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाचे नाव त्यात अग्रक्रमाने घ्यावे लागेल. स्वतः लिहून स्वतः चित्रे काढणाऱ्या माधुरी पुरंदरे यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मराठीत उत्तम चित्रपुस्तक होऊ शकते, हे त्यांच्या कामाने सिद्ध केले. तथापि, रंगीत पुस्तकाचा आरंभीचा खर्च मोठा आणि खप संथ असल्याने कोणताही प्रकाशक वर्षाला मोजक्याच नव्या लेखकांवर पैसे लावू शकतो. बाकीच्यांना नकार येतो किंवा उत्तरच येत नाही. मग 'आपणच छापू या' हा विचार बळावतो.

या वाटेवर सर्वाधिक यशस्वी ठरलेल्या पुस्तकाची हकीकत येथे उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये बिअॅट्रिक्स पॉटर यांच्या 'पीटर रॅबिट'ला प्रकाशकांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. आतील चित्रे काळ्या-पांढऱ्या रेषांची होती. रंगीत चित्र फक्त मुखपृष्ठानंतरच्या एका पानावर. प्रती लहान, मुलाच्या हातात मावणाऱ्या. त्या संपल्या म्हणून आणखी छापल्या आणि १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन संस्थेने रंगीत आवृत्ती काढली. यातून घेण्याजोगा बोध 'स्वप्न पाहा, यश मिळेल' हा नव्हे. पॉटरबाईंनी रंगांवर, आकारावर आणि प्रतींच्या संख्येवर काटकसर केली. गोष्टीवर व रेखाटनावर केली नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या नेमके उलट घडते.

कागदाची मापे आणि प्लेटांचे गणित

छापखान्यात पाऊल टाकल्यावर लेखकाला पहिला धक्का बसतो तो आकाराचा. मुलांचे पुस्तक चौरस असावे, असे अनेकांना वाटते. परंतु कागद चौरस नसतो. २० × ३० इंचाच्या तावातून क्राउन चतुर्थक आकाराची, म्हणजे कापून सुमारे सव्वासात × साडेनऊ इंचांची, आठ पाने पडतात. दोन्ही बाजू धरून सोळा पृष्ठे. म्हणजे सोळा पृष्ठांचे पुस्तक एका तावात बसते आणि हजार प्रतींना दोन रीम कागद अधिक छपाईत वाया जाणारे ताव एवढेच लागते. चोवीस पृष्ठांना दीड ताव, म्हणजे तीन रीम. याच तावातून मनासारखा चौरस काढायचा म्हटले की कडेची पट्टी कापून टाकावी लागते, आणि ती पट्टीही विकत घेतलेलीच असते.

दुसरे गणित प्लेटांचे. ऑफसेटवर चार रंगांच्या छपाईला प्रत्येक बाजूस चार प्लेटा लागतात. २० × ३० इंचाचा ताव घेणाऱ्या यंत्रावर सोळा पृष्ठांना दोन बाजूंच्या मिळून आठ, चोवीस पृष्ठांना बारा. तेच पुस्तक काळा आणि एक रंग अशा दोनच रंगांत आखले, तर प्लेटा निम्म्यावर येतात. प्लेटेचा खर्च शंभर प्रती छापा की हजार, सारखाच असतो. म्हणूनच ऑफसेटवर थोड्या प्रती महाग पडतात. डिजिटल छपाईत प्लेटच नसते, त्यामुळे पंचवीस-पन्नास प्रती काढता येतात. मात्र दर प्रतीचा भाव संख्या वाढली तरी फारसा उतरत नाही.

पृष्ठसंख्या चारच्या पटीत ठेवणे, मध्यभागी दोन पिना मारून शिवणे, आतील पानांना चकचकीत आर्ट पेपरऐवजी १०० जीएसएमचा मॅपलिथो वापरणे हे बचतीचे खरे मार्ग होत. मॅपलिथोवर रंग किंचित मंद उतरतात, हे खरे. पण दिव्याखाली पान चमकत नाही आणि मुलाला त्यावर पेन्सिलही चालविता येते. पिना मात्र बोथट टोकांच्या आणि नीट दुमडलेल्या हव्यात. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटाला पीन लागली, तर आई ते पुस्तक पुन्हा हाती देत नाही.

आता पैशांकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. गाव, छापखाना आणि कागदाचा दिवसाचा भाव यांनुसार ते बदलतील. समजा, चोवीस पृष्ठांचे पुस्तक आहे. वीस चित्रांचे ३० हजार रुपये, संपादन व मांडणीचे १० हजार आणि हजार प्रतींच्या कागद-छपाई-बांधणीचे ३० हजार. एकूण ७० हजार, म्हणजे प्रतीमागे ७० रुपये. किंमत ठेवली १२० रुपये. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली की हाती ७२ रुपये उरतात. या हिशेबाने ९७३ प्रती विकल्या जाईपर्यंत लेखक तोट्यातच राहतो. म्हणजे दुकानांच्या भरवशावर मुद्दल सोडविण्यासाठी जवळपास सगळी आवृत्ती संपावी लागेल. तेच पुस्तक त्याने स्वतः शाळेत, सोसायटीत, जत्रेत पूर्ण किमतीला विकले, तर ५८४ प्रतींवर खर्च भरून निघतो.

या दोन आकड्यांतील फरकात साऱ्या स्वयंप्रकाशनाचे मर्म आहे. छपाई ही अडचण राहिलेली नाही. ती आता कोणत्याही तालुक्याच्या गावी होते. अडचण आहे ती उरलेल्या गठ्ठ्यांची. हजार प्रती छापल्या आणि दुकानांतून चारशे खपल्या, तर २८,८०० रुपये परत येतात आणि ४१,२०० रुपये पलंगाखाली पडून राहतात. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम लहान नाही. शिवाय ती गेल्यानंतर दुसरे पुस्तक काढण्याची उमेदही जाते, आणि लेखकाचे पहिले पुस्तक क्वचितच त्याचे सर्वांत चांगले पुस्तक असते.

म्हणून पहिल्या खेपेला पन्नास ते शंभर डिजिटल प्रतीच काढणे शहाणपणाचे ठरते. त्या प्रती कमाईसाठी नव्हेत. त्या चार बालवाड्यांत वाचून दाखवाव्यात, मुले कोणत्या पानावर चुळबुळ करतात, कोणते पान पुन्हा उलटून मागतात, ते पाहावे आणि मग ऑफसेटचा निर्णय घ्यावा. पोथी डॉट कॉम, नोशन प्रेससारख्या मागणीनुसार छापून देणाऱ्या सेवांचाही याच टप्प्यावर उपयोग आहे. मात्र रंगीत पानांचा दर तेथे प्रतीमागे मोजला जातो, हे विसरून किंमत ठरवू नये.

चित्रकाराची मजुरी

खर्च कमी करायचा म्हटला की पहिली कुऱ्हाड चित्रकारावर पडते. 'ओळखीतलाच आहे, पाच प्रती देऊ', 'नाव छापू, प्रसिद्धी मिळेल' ही वाक्ये या क्षेत्रात सर्रास ऐकू येतात. छापखानदाराला कोणी प्रसिद्धी देऊ करीत नाही. त्याला आगाऊ पैसे द्यावे लागतात. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रकार सांगत असतो. 'ससा घाबरला' असे लिहिणे सोपे. घाबरलेला ससा वीस पानांत तोच ससा दिसला पाहिजे, ही मेहनत वेगळीच आहे.

कायदाही याबाबतीत स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र ही स्वतंत्र कलाकृती असून तिचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तिचा निर्माता असतो. हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. म्हणजे तोंडी बोलीवर पुस्तक काढणाऱ्या लेखकाला उद्या दुबई किंवा न्यू जर्सीतील मराठी मंडळाने प्रती मागितल्या, अथवा कोणी इंग्रजी अनुवाद काढू इच्छिले, तर चित्रांचा प्रश्न उभा राहतोच. आणि चित्रकारालाही हे ठाऊक नसल्याने, आपण काय विकले व काय राखले, याचा पत्ता नसतो. एका पानाचा साधा करारनामा दोघांचेही रक्षण करतो. त्यात चित्रांची संख्या, दुरुस्त्या किती वेळा, पैसे किती हप्त्यांत, हक्क कोणत्या भाषेसाठी व किती वर्षांसाठी, आणि मुखपृष्ठावर चित्रकाराचे नाव, एवढे असले तरी पुरे. ज्याला पूर्ण मोबदला देणे शक्य नाही, त्याने कमी चित्रे घ्यावीत, पण फुकट घेऊ नयेत. वीस पूर्ण पानांच्या चित्रांऐवजी आठ मोठी आणि बारा लहान रेखाटने घेतली, तरी पुस्तक शोभते.

आता यात यांत्रिक चित्रनिर्मितीची भर पडली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने क्षणार्धात चित्र मिळते, मग चित्रकार कशाला, असा सवाल उघडपणे विचारला जातो. खर्चाच्या दृष्टीने मोह समजण्यासारखा आहे. परंतु अशा चित्रांत पात्राचा चेहरा पानागणिक बदलतो, बोटांचा हिशेब चुकतो आणि मराठी घर, अंगण, नऊवारी, चूल यांच्या जागी कोणत्या तरी सरमिसळ देशाचे दृश्य उमटते. हक्कांचा प्रश्नही पूर्णपणे सुटलेला नाही. आपल्या कायद्यात संगणकाद्वारे निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, अशी तरतूद आहे. पण ती आजच्या तंत्राच्या कितीतरी आधी लिहिली गेली. अॅमेझॉनच्या किंडल प्रकाशन सेवेने सप्टेंबर २०२३ पासून अशा मजकुराची व चित्रांची माहिती आपल्याकडे उघड करणे लेखकांना बंधनकारक केले आहे. वाचक पालकांनाही ते सांगितले जावे, हा किमान प्रामाणिकपणा होय.

अक्षर, भाषा आणि फुकटचे ते

मुलांच्या पुस्तकात अक्षर हेही चित्रच असते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळविलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की जोडाक्षरे विस्कटतात. म्हणून युनिकोडमध्येच काम करावे. त्यासाठी महागडे फॉन्ट विकत घेण्याची गरज उरलेली नाही. मुंबईच्या एक टाइप या गटाने तयार केलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे देवनागरी फॉन्ट मोफत परवान्यावर उपलब्ध असून छपाईसाठीही वापरता येतात. एक दक्षता मात्र घ्यावी. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा निराळे आहेत आणि राज्य शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे स्वरूप प्रमाणित केले आहे. काही फॉन्टमध्ये मांडणीच्या वेळी भाषा 'मराठी' अशी निवडल्याखेरीज ही वळणे येत नाहीत. शाळेत एक 'ल' आणि गोष्टीत दुसराच 'ल' पाहून नुकतेच वाचू लागलेले मूल अडखळते.

संपादनावर खर्च करायला बहुतेक जण तयार नसतात. परिणामी, सहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात चाळीस शब्दांचे वाक्य येते आणि शेवटी तात्पर्याचा डोस पाजला जातो. मोठ्याने वाचताना जेथे दम लागतो, तेथे वाक्य तोडावे, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे संपादन होते. उरलेले निम्मे मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांनी व्हावे लागते, कारण स्वतःचे शुद्धलेखन स्वतःला दिसत नाही.

ज्यांच्याकडे स्वतःची गोष्ट नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांसाठी खुले होते. साने गुरुजींचे निधन १९५० चे. त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे आणि कोणीही त्यास नवी चित्रे काढून छापू शकतो. चिऊ-काऊच्या लोककथा तर कोणाच्याच मालकीच्या नाहीत. परंतु एखाद्या आधुनिक लेखकाने त्यांना दिलेली शब्दरचना त्याची असते, ती उचलता येत नाही.

बंगळुरूच्या 'प्रथम बुक्स' या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी सुरू केलेल्या 'स्टोरीविव्हर'ने तर या चर्चेची चौकटच बदलली आहे. तेथील गोष्टी व चित्रे बहुतांशी अशा खुल्या परवान्यावर आहेत की श्रेय दिल्यास त्यांचा अनुवाद, पुनर्मुद्रण, अगदी विक्रीही करता येते. मराठी गोष्टीही तेथे आहेत. दुर्गम भागातील एखाद्या शिक्षकाला आपल्या वर्गासाठी तीस प्रती हव्या असतील, तर त्याने हजारांची आवृत्ती काढण्याऐवजी तेथील चित्रे घेऊन स्थानिक बोलीतील चार ओळी लिहाव्यात आणि जवळच्या दुकानात छापून घ्याव्यात. पुस्तक काढण्याचा हेतू 'माझे नाव' हा नसून 'माझ्या मुलांना वाचायला काही तरी' हा असेल, तर यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

सोपस्कार आणि सापळे

पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक हवा असेल, तर तो भारतात विनामूल्य मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय संस्था तो देते आणि अर्ज संकेतस्थळावरून करता येतो. असे असताना 'क्रमांक मिळवून देऊ' म्हणून हजारो रुपये उकळणारे मध्यस्थ आहेत. हा क्रमांक म्हणजे केवळ पुस्तकाची ओळखपट्टी. तो गुणवत्तेचे प्रमाणपत्रही नव्हे आणि हक्कांची नोंदणीही नव्हे. हक्कांची नोंदणी हवीच असेल, तर कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे. ती न केल्याने हक्क मात्र जात नाही.

एक कर्तव्य बहुतेकांना ठाऊकच नसते. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना स्वखर्चाने प्रत पाठविली पाहिजे. न पाठविल्यास ५० रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत एवढीच शिक्षा असल्याने कोणी फिकीर करीत नाही. परंतु चार प्रतींच्या मोबदल्यात आपले पुस्तक देशाच्या नोंदीत राहते, हा सौदा तोट्याचा खचितच नाही.

खरा सापळा आहे तो 'पॅकेज'चा. संपादन, चित्रे, छपाई, प्रकाशन समारंभ, ऑनलाइन विक्री असे सारे एका रकमेत करून देऊ, असे सांगणारे अनेक आहेत. त्यांची कमाई लेखकाकडून होते, वाचकाकडून नव्हे. त्यामुळे पुस्तक खपले काय आणि न खपले काय, त्यांना फरक पडत नाही. सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. किती प्रती प्रत्यक्ष छापल्या जाणार, चित्रांच्या मूळ फाइली कोणाकडे राहणार, हक्क कोणाचे, आणि विक्रीचा हिशेब किती महिन्यांनी मिळणार. यांपैकी एकाचेही उत्तर लेखी मिळत नसेल, तर तेथून उठावे.

शासन एका हाताने देते...

या साऱ्यात सरकारची भूमिका परस्परविरोधी आहे. मुलांच्या चित्रपुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, ही स्वागतार्ह बाब. पण विक्रीवर करच नसल्याने कागदावर व छपाईवर भरलेल्या कराचा परतावा प्रकाशकाला मिळत नाही. तो किमतीत मिसळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या फेररचनेत शाळकरी वह्यांवरील कर शून्यावर आला, त्याचे कौतुक झाले. त्याच वेळी पुस्तके ज्या कागदावर छापली जातात, त्यावरील कर १२ वरून १८ टक्के झाला. एवढ्याने कागदाचा खर्च पाच टक्क्यांहून अधिक वाढतो. मोठा प्रकाशक तो पचवू शकेल. तीन रीम कागद घेणारी शिक्षिका तो कोणावर ढकलणार? वही स्वस्त आणि पुस्तक महाग, म्हणजे मुलाने लिहावे पण वाचू नये, असाच याचा अर्थ निघतो.

टपालाचेही तसेच. पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची नोंदणीकृत बुकपोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये गाजावाजा न करता बंद झाली. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे तिचे दर आहेत. वर उल्लेखिलेल्या चोवीस पृष्ठी पुस्तकाचे वजन मॅपलिथोवर पाऊणशे ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एक प्रत पाठविली काय आणि तीन पाठविल्या काय, दर तोच. तीन गोष्टींचा संच करून विकण्याचे गणित येथून सुरू होते. मात्र जाहिराती असलेले किंवा व्यापारी स्वरूपाचे प्रकाशन या सवलतीत बसत नाही, आणि पाकिटावर प्रकाशक वा मुद्रकाचे नाव लागते. मागच्या पानावर गावातील पतपेढीची जाहिरात घेऊन खर्च भागविणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

मागणीच्या बाजूला सरकार सर्वांत मोठे गिऱ्हाईक होऊ शकते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात हजारो सार्वजनिक ग्रंथालये अनुदानावर चालतात. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ग्रंथालयासाठी वर्षाला ५ ते २० हजार रुपयांची तरतूद आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बालवाङ्मयालाही खुली आहे. कागदावर हे चित्र उत्तम आहे. प्रत्यक्षात खरेदी याद्यांवरून आणि मोठ्या सवलतीच्या अपेक्षेने होते. एकच पुस्तक असलेला लेखक या व्यवस्थेत टिकत नाही. शंभर शीर्षकांचा गठ्ठा देणारा पुरवठादार टिकतो. शाळेच्या अनुदानातील दहावा हिस्सा तरी शिक्षकांनी स्वतः निवडलेल्या, जिल्ह्यातील लेखक-चित्रकारांच्या पुस्तकांवर खर्चण्याची मुभा दिली, तर कोणताही नवा निधी न उभारता या छोट्या आवृत्त्यांना बाजार मिळेल. भिलारच्या पुस्तकांच्या गावासारखे उपक्रम व डिसेंबरात भरणारा पुणे पुस्तक महोत्सव येथे स्वयंप्रकाशित बालपुस्तकांना अल्प भाड्यात सामाईक टेबल देणे तर आणखी सोपे आहे.

तोवर लेखकाने आपल्या पैशांचा क्रम ठरवून घ्यावा, हे उत्तम. आधी गोष्ट, मग संपादन, मग चित्रकाराचे मानधन, मग कागद आणि सर्वांत शेवटी प्रकाशन समारंभ. आज अनेक ठिकाणी हा क्रम उलटा दिसतो. शाली, श्रीफळे व सभागृहाच्या भाड्यात जेवढे पैसे जातात, तेवढ्यात आणखी पाच चित्रे होऊ शकली असती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ताम्रपट आणि शिलालेख यांच्या पुराव्याने भाषेचे वय सिद्ध झाले, हे अभिमानास्पद आहे. पण भाषेचे पुढचे वय किती, याचा पुरावा शिलालेखात सापडणार नाही. तो एखाद्या खेड्यातील वा उपनगरातील मुलाच्या मांडीवर उघडलेल्या, पाने दुमडलेल्या, दोन पिनांच्या पातळ पुस्तकात शोधावा लागेल. ते पुस्तक काढणारा माणूस पहिल्याच आवृत्तीत कर्जबाजारी होऊन गप्प बसणार नाही, एवढी व्यवस्था तरी आपण करू शकतो का, हा खरा प्रश्न आहे.